सप्टेंबरचा लॉट

मे महिन्यात ताटल्यांची खोकी परत आली. पुण्याच्या व्यापाऱ्याने टेम्पोत घालून पाठवली होती आणि सोबत एक कागद होता. माल उजवीकडे लवंडतो, गिऱ्हाईक ठेवून घेत नाही, एवढंच त्यावर लिहिलं होतं.

मी लोणंदला प्लास्टिकच्या कारखान्यात मशीन चालवतो. एकवीस वर्षं झाली. आमच्याकडे क्रेट, बादल्या, टाक्यांची झाकणं होतात. दोन वर्षांपूर्वी ही ऑर्डर आली. कंपनीच्या कागदावर तिला डिस्क म्हणतात. आमच्या बाया ताटली म्हणतात, मीही तेच म्हणतो. परदेशात एक खेळ आहे. माळावर लांब एक खांब असतो, त्याला साखळ्यांची टोपली. लांबून ताटली फेकत जायचं आणि कमीत कमी फेकीत ती टोपलीत घालायची.

राही, माझी बायको, याच कारखान्यात बर काढायची. ताटली साच्यातून निघाली की कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा राहतो, त्याला बर म्हणतात. तो पात्याने तासायचा. बारा वर्षं तिने तेच काम केलं. फेब्रुवारीत ती वारली. त्रेचाळीस वर्षांची होती.

पहिला माल आम्ही काढला तेव्हा वजन बरोबर होतं, माप बरोबर होतं, पण व्यापारी म्हणाला उडत नाही. धैर्यशील साहेब आमचे प्रॉडक्शनचे. ते ताटली आणि व्यापाऱ्याने दिलेला नमुना घेऊन कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर गेले. तिथे टोकाला एक बाभळ आहे. साहेबांनी फेकली, ती वीस पावलांवर पडली. मी फेकली, ती भिंतीवर गेली. स्टोअरचा ज्ञानू क्रिकेट खेळतो, त्याची गटारात गेली. बाया डबा खात बसल्या होत्या, त्या हसायला लागल्या.

राही उठली. “पेंढी गंजीवर टाकत्यात तशी टाकायची,” ती म्हणाली. “त्यात काय हाय.”

तिने ताटली डाव्या खांद्यापाशी नेली आणि हात उजवीकडे सोडला. ताटली बाभळीला जाऊन लागली. सत्तर पावलं होती, मी नंतर मोजली.

ती आटपाडीकडची, मेंढपाळाची लेक. तिचे वडील बिरदेव तिला लहानपणी गोफण देऊन कळपामागे ठेवायचे. चुकार मेंढीच्या अंगाला न लागता पुढ्यात दगड पडला पाहिजे, नाहीतर मार खायची. त्या हाताला ताटली अवघड नव्हती.

साहेबांनी त्याच दिवशी ठरवलं, की प्रत्येक लॉटची ताटली सकाळी राहीबाई फेकून बघतील आणि आप्पासो, म्हणजे मी, त्याप्रमाणे मशीन लावेल. तिला रोज अर्धा तास बाहेर मिळाला. एरवी आठ तास उभं राहून पातं चालवायचं, म्हणून तो अर्धा तास तिला फार आवडायचा. तिच्या शेजारी बर काढणारी मनुबाई म्हणायची, “नवऱ्यानं ताटलीत वाढायचं सोडून ताटल्याच फेकाय लावल्या व्हय गं?”

“वाढतोय कवा?” राही म्हणायची. “फेकतीया म्हणून दिसतीया तरी त्याला.”

मला वाटायचं, ताटली साच्यावर उडते. ते खरं नाही. साचा एकच असला तरी दाणा, म्हणजे वितळवायचं कच्चं प्लास्टिक, बदलला की उडणं बदलतं. आमच्याकडे तीन दाणे होते. साधा दाणा हाताला खरखरीत लागतो, पकड चांगली, पण दगडावर चार दिवस पडला की कडा मऊ होते आणि ताटली उजवीकडे झुकायला लागते. महागाचा दाणा काचेसारखा. तो वर्षभर फेकला तरी तसाच राहतो, पण घामाच्या हातातून निसटतो, आणि ताटली शेवटी जोरात डावीकडे पडते. तिसरा रबरासारखा, साखळीवर आपटून उडून जात नाही. सगळं आकसण्यावर आहे. प्रत्येक दाणा थंड होताना वेगळा आकसतो, त्याने मधला फुगवटा बदलतो आणि कडा वर किंवा खाली जाते. कडा केसभर खाली गेली तरी ताटली उजवीकडे वळते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. राही सांगायची, मी मशीन लावायचो. साच्यात ताटली किती सेकंद थंड होऊ द्यायची, त्याला कूलिंग म्हणतात. ते दोन सेकंद कमी केलं की ताटली गरम निघते आणि कडा खाली बसते. राही अंगठ्याने ताटली दाबायची आणि न फेकताच सांगायची, “ह्यात दळलेला माल जास्त घातलाय.” मी घातलेला असायचा. खराब निघालेला माल आम्ही ग्राइंडरला दळून परत थोडा थोडा मिसळतो.

पसंत पडलेल्या ताटलीच्या आतल्या बाजूला ती पेन्सिलीने एक रेघ मारायची. ती लॉटची खूण. व्यापारी म्हणाला होता, असा माल मी कुठे बघितला नाही.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता कधीतरी ती म्हणाली, “आवं, ही लवकर डावीकडं पडतीया.”

मी कूलिंग अर्धा सेकंद कमी केलं. दुसऱ्या दिवशी तिने फेकली. “आता बरी हाय.” पुढच्या लॉटला परत तेच. मी परत कमी केलं. मग दाण्यात दळलेला माल वाढवला, म्हणजे ताटली सहज उजवीकडे वळेल. एकदा ठरलेलं सेटिंग साहेबांना न विचारता बदलायची मला परवानगी नव्हती. कागदावर जुनंच लिहायचो.

एकदा तिने व्यापाऱ्याचा नमुना फेकून बघितला. तोही चाळीस पावलांवरच डावीकडे पडला. मी म्हणालो, “नमुना जुना झालाय, कडा घासली असंल.”

जुनी झालेली साध्या दाण्याची ताटली उजवीकडे जाते. डावीकडे जात नाही. हे मला ठाऊक होतं. वर मी ते लिहिलंही आहे. त्या दिवशी मी नमुना हातात फिरवून बघितला, कडेवर नख ओढलं आणि परत मशीनवर गेलो.

तिच्या काखेत गाठ होती. मनुबाईला तिने दाखवली होती. मनुबाई म्हणाली काखमांजरी आहे, घामाने होते, पिकून फुटेल. दोघींनी चुना-गुळाचा लेप लावला. आमच्याकडे काखेत काही आलं तर ते काखमांजरीच असतं. दुखत नव्हतं म्हणून ती गप्प राहिली. दुखलं असतं तर बोलली असती. हात मात्र वर जात नव्हता, जोर लागत नव्हता. मला ती एवढंच सांगायची, ताटली डावीकडं पडतीया. मी ताटली दुरुस्त करत राहिलो.

डिसेंबरच्या शेवटी तिला मिरजेला नेलं. गाठ काखेत होती पण रोग छातीतला होता आणि तोवर पाठीच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. मी विचारलं, आधी आणलं असतं तर. ते म्हणाले, “दसऱ्याच्या आत आणलं असतं, तर हातात काहीतरी होतं.” ते सहज बोलले. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं.

कारण ताटली डावीकडं पडतीया असं पहिल्यांदा ती कधी म्हणाली, ते मला आठवत नव्हतं. दसऱ्याआधी म्हणाली की नंतर? नमुना फेकला तेव्हा अंगात स्वेटर होता का? मी रात्रंदिवस आठवत होतो. दसऱ्यानंतर म्हणाली असेल, तर मी लक्ष दिलं असतं तरी उपयोग नव्हता. आधी म्हणाली असेल तर होता. मनुबाईला विचारलं तर ती रडायला लागली, तिलाही गाठ कधी दाखवली ते सांगता येईना. कागदावर काही नव्हतं, कारण कागदावर मी खोटं लिहिलं होतं.

आणि मग खोकी परत आली.

साहेबांनी मला बोलावलं. “आप्पासो, ऑगस्ट ते डिसेंबर पाच लॉट आहेत. व्यापाऱ्यानं सगळे एकत्र पाठवलेत. कुठल्यापासून बिघडलंय ते काढा. चांगले परत देऊ, खराब दळून टाकू.”

“काढतो.”

“मोल्ड तोच, दाणा तोच, सेटिंग तेच. मग बिघडलं कसं?”

मला बिघाड कळला होता. कमजोर हातासाठी लावलेली ताटली चांगल्या हाताने फेकली की उजवीकडे लवंडणारच. मला फक्त लॉट हवा होता. ऑगस्टचा, सप्टेंबरचा, ऑक्टोबरचा, नोव्हेंबरचा, डिसेंबरचा. दसरा ऑक्टोबरच्या दोन तारखेला होता. सप्टेंबरची ताटली सरळ गेली, तर मला झोप लागणार होती.

माझ्या हाताला ताटली फेकता येत नाही. पल्लवीला येते. ती आमची एकुलती एक, मिरजेला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत आली की आईबरोबर प्लॉटवर फेकायची. उंची आईची, हात आईचा. मी फोन केला. दोन दिवसांनी ती बसने आली.

रात्री जेवताना मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी मोडत ऐकत होती.

“आणि कळून काय करणार, पप्पा?”

“कळंल.”

“कळून मम्मी येणार हाय का?”

“न्हाई.”

“मग?”

मी म्हणालो, “साहेबांनी काम दिलंय. लॉट वेगळे करायचे हायेत.”

“साहेबांचं नाव कशाला घेताय,” ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीत गेली.

सकाळी सातला आम्ही प्लॉटवर गेलो. ऊन चढलं की साधा दाणा मऊ पडतो आणि खरं उडणं कळत नाही. राहीही सातलाच फेकायची. रविवार होता, कारखाना बंद. वॉचमन सिद्धू फाटक उघडून परत खाटेवर आडवा झाला. मी प्रत्येक लॉटमधून तिची रेघ असलेली ताटली शोधून आणली होती. रेघा अजून दिसत होत्या.

“डिसेंबरपासून मागं जाऊ,” मी म्हणालो.

पल्लवीने ओढणी कमरेला बांधली. ताटली डाव्या खांद्याकडे नेली आणि हात सोडला. मला खाली बघावंसं वाटलं, पण बघायचं काम माझंच होतं. डिसेंबरची ताटली तीस पावलं गेली, उजवीकडे कलंडली आणि जमिनीत उभी घुसली.

“लयच वाईट,” ती म्हणाली.

नोव्हेंबरची थोडी पुढे जाऊन तशीच पडली. ऑक्टोबरची पन्नास पावलांपर्यंत गेली आणि उजवीकडे वळत गटारापाशी घरंगळली. मी जाऊन तिन्ही आणल्या. पल्लवी उभी होती तिथेच होती. तिच्या हातात सप्टेंबरची नारिंगी ताटली होती आणि ती आतली पेन्सिलीची रेघ बघत होती.

“ऑगस्टची आधी टाकू?” तिने विचारलं.

“टाक.”

ऑगस्टची निळी ताटली सरळ गेली, शेवटी जराशी डावीकडे आली आणि बाभळीच्या बुंध्याला लागली. चांगली ताटली अशीच जाते. तेव्हा राहीचा हात चांगला होता.

आता सप्टेंबरची राहिली होती. पल्लवीने ओढणीची गाठ सोडून परत बांधली. हात झटकला. मग फेकली.

ताटली सरळ गेली. उजवीकडे अजिबात वळली नाही. पन्नास-पंचावन्न पावलांवर तिचा जोर संपला आणि ती हळूच डावीकडे टेकली.

“सरळ गेली,” पल्लवी म्हणाली. “बघितलं न्हवं? सप्टेंबरची चांगली हाय.”

मी बघितलं होतं. ताटलीच्या आधी मी हात बघितला होता. आधीच्या चारी वेळा तिचा खांदा मागे पूर्ण वळला होता. या वेळी खांदा वळला नाही, नुसतं कोपरापासून फेकलं. चांगली ताटली एवढ्या कमी जोरावर केव्हाच डावीकडे पडली असती. आणि ताटलीचं ते उडणं माझ्या ओळखीचं होतं. पन्नास-पंचावन्न पावलं सरळ आणि मग डावीकडे टेकणं. मागच्या वर्षी याच जागी उभं राहून मी ते किती सकाळी बघितलं होतं. राही म्हणायची, आता बरी हाय, आणि खाली बसून रेघ मारायची.

तेव्हा मला हात दिसला नव्हता.

मी चालत गेलो, ताटली उचलली आणि परत आणून पल्लवीपुढे धरली.

“आता खांद्यातनं टाक.”

“टाकली की.”

“पले.”

तिने ताटली घेतली नाही. ती तिथेच मातीत बसली. सिद्धूच्या खाटेवरचा रेडिओ कांद्याचे भाव सांगत होता.

“गणपतीत आल्ते मी,” ती म्हणाली. “तवा मम्मी म्हणाली, माझी येणी घाल. पाची दिवस रोज मीच घातली. मला वाटलं, लाड करून घेतीया. मी म्हणले पण तिला, आता म्हातारी झाली काय गं, मी गेल्यावर कोण येणी घालंल. तर हसली.” तिने नाक पुसलं. “हात वर जात न्हवता तिचा. मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आल्ते. छातीच्या गाठी कशा तपासायच्या, काखेत कुठं बोट लावायचं, ते मी पेपरात लिहून आल्ते, पप्पा. पाच दिवस तिच्या मागं बसून येणी घातली.”

गणपती सप्टेंबरच्या सहा तारखेला उठले होते. दसऱ्याला अजून जवळजवळ महिना होता.

ताटली मी खोक्यात ठेवली. परत फेकायची गरज उरली नव्हती.

“तुला ठाऊक होतं तर काल का न्हाई सांगितलंस?” मी विचारलं.

“तुमाला सरळ गेलेली बघायची होती न्हवं.”

मी तिच्या शेजारी बसलो. तू लहान होतीस, असं म्हणावंसं वाटलं, पण ती लहान नव्हती. तुझी चूक नाही म्हणालो असतो तर तिनेही मला तेच म्हणायला पाहिजे होतं, आणि ते दोघांनाही पटलं नसतं. ऊन पायावर आलं तेव्हा आम्ही उठलो. तिने नारिंगी ताटली मागितली. मी म्हणालो, लॉटची आहे, मोजून द्यायची आहे. दुपारच्या बसने मिरजेला गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. बस सुटताना तिने खिडकीतून हात केला, फेकायचा नव्हे, डावा.

सोमवारी साहेबांना सांगितलं. “ऑगस्टचा लॉट चांगला हाय. सप्टेंबरपासनं चारी दळायचे.”

“दोष काय निघाला?”

“कूलिंग मी कमी करत गेलो. कागदावर लिहिलं न्हाई.”

“का केलं?”

“राहीबाईची ताटली डावीकडं पडत होती. मला वाटलं, प्लास्टिक बिघडलंय.”

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी टेबलावरचा व्यापाऱ्याचा कागद घडी करून खिशात घातला. “त्याला मी सांगतो काय सांगायचं ते,” ते म्हणाले. “दळायला दुसरा माणूस लावू का?”

“नको.”

ग्राइंडरच्या तोंडात अख्खी ताटली जात नाही, आधी कापावी लागते. मनुबाई लाकडाच्या ठोकळ्यावर ताटली धरून पात्याने दोन तुकडे करत होती आणि मी ते आत सोडत होतो. आवाजामुळे बोलता येत नाही, ते बरं होतं. डिसेंबरच्या संपल्या, नोव्हेंबरच्या संपल्या. ऑक्टोबरच्या झाल्या तोवर जेवणाची सुट्टी झाली. मनुबाईने डबा उघडला नाही, मीही नाही.

दुपारी सप्टेंबरचं खोकं फोडलं. चारशे दहा ताटल्या, सगळ्या नारिंगी. रेघ असलेली मी बाजूला काढून ठेवली होती. बाकीच्या संपल्यावर मनुबाईने ती उचलली, आत बघितलं आणि हात मागे घेतला.

“ही ऱ्हाऊ द्या की, भावजी,” ती कानाशी येऊन म्हणाली. “पोरीला तरी द्या.”

मला पल्लवी मातीत बसलेली आठवली. ती ताटली घरी नेली असती, तर ती कधीतरी कुणीतरी फेकली असती आणि ती उजवीकडे गेली असती. मी पातं घेतलं. साधा दाणा लवकर कापला जातो. दोन्ही तुकडे आत सोडले आणि ग्राइंडर बंद करून खालची पिशवी काढली. नारिंगी दाणे अजून गरम होते.

ती पिशवी बादल्यांच्या मशीनला जाते. दुसऱ्या दिवशी माझी पाळी त्याच मशीनवर होती.